कॅप राउंड संपेपर्यंतचे दोन महिने: अभियांत्रिकी प्रवेशाची वाट पाहणाऱ्या पालकांसाठी

एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागतो त्या दिवशी काही घरांत पेढे आणले जातात आणि काही घरांत कोणी नीट जेवत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दोन्ही घरांत वाट पाहणे सुरू होते. पर्सेंटाइल कळलेला असतो, मात्र कोणते कॉलेज, कोणती ब्रँच, कोणते शहर आणि किती फी यांतले काहीच ठरलेले नसते. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम गुणवत्ता यादी, कॉलेज-ब्रँचच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म आणि मग कॅपचे (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे) एकामागून एक राउंड, असा हा प्रवास साधारणपणे जूनच्या अखेरीपासून ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतो, आणि मधल्या काळात वेळापत्रकाच्या तारखा पुढे सरकल्या की घरातल्यांचा धीर सुटू लागतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. दरवर्षी या दिवसांत पालक माझ्याकडे येतात, आणि माझ्या मुलीच्या वेळी मी स्वतःही त्यांच्यासारखीच रात्री उठून मोबाइल पाहत असे. एका सकाळी ती मला म्हणाली, “आई, तू रोज ‘काही आलं का’ असं विचारतेस ना, तेव्हा मला वाटतं की मीच काहीतरी लपवून ठेवलंय.” ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. वाट पाहण्याचा आपला भार आपण नकळत मुलांच्या पाठीवर टाकतो, आणि तो उतरवायचा असेल तर ‘काळजी करू नका’ या सल्ल्याचा उपयोग होत नाही; पालकांच्या हाताला खरे काम लागते. ते काम कोणते, हे मी पुढे क्रमाने लिहिले आहे.

पहिली पायरी: कामे वाटून घ्या

निकालानंतरच्या आठवड्यात एकदा सगळ्यांनी बसून कोणते काम कोणाचे हे ठरवावे. प्रवेशाचे लॉगिन, पासवर्ड आणि ऑप्शन फॉर्ममधील अंतिम क्रम मुलाच्या किंवा मुलीच्या हाती असावा, कारण पुढची चार वर्षे त्या वर्गात तिला किंवा त्याला बसायचे आहे. कागदपत्रे, पैसा आणि तारखांची नोंद ही पालकांची कामे. आईने एक आणि वडिलांनी दुसरे असे त्यांचेही वाटप करून घेतले, तर दोघांनी एकच गोष्ट मुलाला दोनदा विचारण्याचा प्रसंग येत नाही.

तारखांसाठी भिंतीवरचे साधे कॅलेंडर पुरते. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या अधिकृत संकेतस्थळावरील वेळापत्रक उतरवून घ्यावे आणि ते बदलले की जुनी तारीख खोडून नवी लिहावी. संकेतस्थळ पाहण्याच्या दोन वेळा ठरवाव्यात, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. व्हॉट्सॲपच्या गटात आलेली ‘यादी लागली’ ही बातमी अधिकृत सूचना पाहिल्याशिवाय मुलाला सांगू नये. अशा खोट्या बातमीने उडालेली झोप परत यायला दोन दिवस लागतात.

दुसरी पायरी: कागदांची फाईल

या दोन महिन्यांत पालकांना खऱ्या अर्थाने उपयोगी पडता येते ते इथेच, आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते. चांगला गुणवत्ता क्रमांक असलेली मुले एखाद्या प्रमाणपत्राअभावी राखीव प्रवर्गातून खुल्या प्रवर्गात ढकलली गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्यात त्या मुलांचा काडीचाही दोष नव्हता.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र, आधार आणि सीईटीचे गुणपत्रक ही सर्वांची यादी. राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला व्हॅलिडिटी म्हणतात ते, लागते आणि ज्या प्रवर्गांना उन्नत गटाची अट आहे त्यांना नॉन-क्रिमीलेयर लागते. नॉन-क्रिमीलेयरवरील मुदत तारखेसह वाचा: प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत ते वैध असणे अपेक्षित असते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी काढलेले प्रमाणपत्र फाईलमध्ये आहे एवढ्यावर समाधान मानू नये. आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज असेल तर त्याचे प्रमाणपत्र राज्याच्या विहित नमुन्यातील आहे का, हेही पाहावे. केंद्रासाठीचा आणि राज्यासाठीचा नमुना वेगळा असतो. व्हॅलिडिटी अजून हातात आली नसेल, तर जात पडताळणी समितीकडे केलेल्या अर्जाची पावती कोणत्या टप्प्यापर्यंत चालते आणि मूळ प्रमाणपत्र कधीपर्यंत द्यावे लागते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचावे. शेजाऱ्यांच्या मुलाला गेल्या वर्षी काय चालले, यावर विसंबू नये.

पडताळणी घरबसल्या ई-स्क्रूटिनीने होते किंवा सुविधा केंद्रावर जाऊन करून घेता येते. ज्यांच्या कागदांत नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव किंवा जन्मतारीख यांत थोडाही फरक आहे, त्यांनी केंद्रावरच जावे असे माझे मत आहे, कारण समोर बसलेला माणूस त्रुटी तिथल्या तिथे सांगतो. तात्पुरती यादी लागली की स्वतःची नोंद अक्षर न अक्षर तपासावी: गुण, प्रवर्ग, लिंग, गृह विद्यापीठ. चूक असेल तर हरकतीची मुदत अवघ्या काही दिवसांची असते आणि अंतिम यादीनंतर ती चूक सुधारण्याची वाट जवळपास बंद होते.

प्रत्येक कागदाच्या तीन छायाप्रती आणि एक स्पष्ट स्कॅन करून ठेवावे. हे काम झाले की पालकांच्या मनातील निम्मी धडधड थांबते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

तिसरी पायरी: पर्सेंटाइल आणि कटऑफ वाचायला शिका

नातेवाईक ‘किती टक्के पडले’ असे विचारतात आणि आपण ‘ब्याण्णव’ म्हणतो, तिथेच गोंधळ सुरू होतो. सीईटीचा पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. ९२ पर्सेंटाइलचा अर्थ असा की त्याच सत्रात परीक्षा देणाऱ्यांपैकी सुमारे ९२ टक्के विद्यार्थ्यांचे गुण या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते म्हणून ही पद्धत आहे. प्रवेशासाठी मात्र शेवटी पाहिला जातो तो अंतिम यादीतील गुणवत्ता क्रमांक, आणि परीक्षार्थींची संख्या वाढली की त्याच पर्सेंटाइलला मागील वर्षापेक्षा मागचा क्रमांक मिळू शकतो. म्हणून गेल्या वर्षीच्या कटऑफशी तुलना करताना पर्सेंटाइलबरोबर क्रमांकही पाहावा.

कटऑफच्या पीडीएफमध्ये जी संकेताक्षरे असतात ती एकदा समजली की कोणा सल्लागाराला पैसे देण्याची गरज उरत नाही. ‘जी-ओपन-एच’ यातील ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘ओपन’ हा प्रवर्ग आणि ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठ. आरंभी ‘एल’ असेल तर ती मुलींसाठीची जागा, शेवटी ‘ओ’ असेल तर गृह विद्यापीठाबाहेरील आणि ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय. बहुतेक महाविद्यालयांत राज्याच्या वाट्याच्या जागा गृह विद्यापीठातील आणि बाहेरील विद्यार्थ्यांत ७०:३० अशा वाटल्या जातात, आणि आपले गृह विद्यापीठ कोणते हे बारावी कोठून उत्तीर्ण झाली त्यावरून ठरते. साताऱ्यात बारावी केलेल्या मुलीने पुण्याच्या कॉलेजचा ‘एच’चा कटऑफ पाहून आनंद किंवा दुःख करणे, दोन्ही चुकीचे आहे. तिने ‘ओ’चा स्तंभ पाहायला हवा, कारण सातारा शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो.

मागील किमान दोन वर्षांचे, आणि पहिल्याच नव्हे तर शेवटच्या राउंडचेही कटऑफ एका वहीत मांडावेत. मुलगा हे करायला तयार नसेल तर आईवडिलांनी आकडे वाचावेत आणि त्याने लिहावेत. शेजारी शेजारी बसून केलेले हे काम कोणत्याही समजुतीच्या गोष्टीपेक्षा अधिक धीर देते.

चौथी पायरी: ऑप्शन फॉर्म

या टप्प्यावर घराघरांत भांडणे होतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याकडे येतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि त्याच्या क्रमांकाला व प्रवर्गाला उपलब्ध असलेली पहिली जागा त्याला देतो. वरचा पर्याय मिळण्यासारखा नसेल तर तो सोडून पुढे जातो. त्याबद्दल कोणतीही शिक्षा होत नाही. त्यामुळे माटुंग्याची व्हीजेटीआय किंवा पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ आवाक्याबाहेर दिसत असले तरी मुलाला खरोखर तेच हवे असेल तर ते वर लिहिण्यात तोटा नाही. तोटा आहे तो ‘निदान हे तरी नक्की मिळेल’ या भीतीने नको असलेले कॉलेज वर लिहिण्यात, कारण ते मिळते आणि त्याखालच्या, मनापासून हव्या असलेल्या जागांचा विचारच होत नाही.

आता नियमांमुळे ही चूक अधिक महाग पडते. २०२५-२६ या वर्षापासून अभियांत्रिकीसाठी चार कॅप राउंड झाले आणि पहिल्या राउंडमध्ये पहिला पर्याय, दुसऱ्या राउंडमध्ये पहिल्या तीनपैकी कोणताही आणि तिसऱ्या राउंडमध्ये पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप फ्रीझ होईल, म्हणजे पुढच्या राउंडमध्ये ती बदलता येणार नाही, असा नियम लागू झाला. म्हणजे यादीतील पहिली सहा नावे ही स्वाक्षरी करण्याइतक्या गांभीर्याने लिहायची आहेत. आपल्या मुलाच्या वर्षी हेच आकडे आहेत का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून ताडून घ्यावे.

एक वडील माझ्याकडे आले होते. त्यांनी मुलाला न विचारता गावाजवळचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर ठेवले होते. मुलगा घरी राहील, खर्च वाचेल, एवढाच त्यामागचा विचार होता. पहिल्याच राउंडमध्ये ते मिळाले आणि फ्रीझ झाले. त्याच्या क्रमांकाला मोठ्या शहरातील, त्याने स्वतः तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेली ब्रँच सहज मिळाली असती. वडिलांचा हेतू वाईट नव्हता, पण मुलगा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता. खर्चाची अडचण असेल तर ती आधी उघडपणे सांगावी, ‘एवढ्या रकमेपलीकडे आपल्याला झेपणार नाही’ असे आकड्यासह बोलावे आणि त्या मर्यादेत यादी मुलाला करू द्यावी. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना घरची परिस्थिती समजते. त्यांना फसवल्यासारखे वाटते ते न सांगता केलेल्या बदलांमुळे.

ब्रँच आधी की कॉलेज आधी, या प्रश्नाला सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही, पण मुलाला ज्या विषयाचा कंटाळा आहे तो केवळ प्रसिद्ध कॉलेजात मिळतो म्हणून वर लिहू नये, असे मी ठामपणे सांगते. फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, म्हणून खालची यादी आखडती ठेवण्याचे कारण नाही. मात्र मिळाले तरी जाणार नाही असे एकही नाव लिहू नये. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी शुल्क माफीच्या जागा, स्वतंत्र संकेतांकांनी भराव्या लागतात. त्या विसरल्याची हळहळ मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. यादी पूर्ण झाल्यावर एक रात्र जाऊ द्यावी, सकाळी मुलाने ती मोठ्याने वाचावी, आणि मगच ती कायम करावी. शेवटच्या तासापर्यंत थांबू नये, कारण त्या वेळी संकेतस्थळ मंदावते.

पाचवी पायरी: पैशाची तयारी आणि फसवणुकीपासून सावधगिरी

जागा स्वीकारण्याचे शुल्क एक हजार रुपये असते, पण त्यानंतर फी भरण्यासाठी मुदत थोडी मिळते. म्हणून यादीतील पहिल्या दहा कॉलेजांची फी, वसतिगृह आणि खाणावळ यांचा अंदाज आधीच काढावा आणि शैक्षणिक कर्ज लागणार असेल तर बँकेत आताच चौकशी करून कागद तयार ठेवावेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. हे लाभ कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहेत. संस्थास्तरीय कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरते त्या जागांतून, ‘जागा राखून देतो, आज पैसे भरा’ असा फोन आला की ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ घरे वाचतील. ओटीपी आणि पासवर्ड कोणालाही देऊ नये, ऑप्शन फॉर्म भरून देणाऱ्या ओळखीच्या माणसालाही नाही.

सहावी पायरी: घरातले वातावरण

प्रवेशाविषयी बोलण्यासाठी दिवसातील एक वेळ ठरवावी, समजा रात्रीच्या जेवणानंतरची वीस मिनिटे, आणि उरलेला दिवस हा विषय मुलानेच काढल्याशिवाय काढू नये. ताटावर बसले असताना तर मुळीच नको. पहिले चार दिवस मला हे फार कठीण गेले. प्रश्न जिभेवर यायचा तेव्हा मी तो वहीत लिहून ठेवायचे, आणि रात्रीपर्यंत त्यातले बहुतेक प्रश्न विचारण्यासारखे उरत नसत.

नातेवाईकांना उत्तर देण्याची जबाबदारी पालकांनी घ्यावी. ‘राउंड चालू आहेत, ठरले की आम्हीच कळवू’ हे एक वाक्य मामा, काका, सोसायटीतले शेजारी अशा सर्वांना पुरते. चुलत भावाला काय मिळाले याची चर्चा मुलासमोर होऊ देऊ नये. आजी-आजोबांनाही हे प्रेमाने आणि एकांतात सांगावे, कारण त्यांची विचारपूस मायेपोटी असली तरी मुलाला ती मोजमाप वाटते. धाकटे भावंड असेल तर ‘दादासारखी वेळ येऊ देऊ नकोस’ असे त्याला म्हणणे हा दोघांवरही अन्याय आहे.

मुलाच्या दिवसाला आकार लागतो. दोन वर्षे क्लास आणि कॉलेज यांत अडकलेला वेळ अचानक मोकळा झाला की मन यादीभोवतीच फिरत राहते. पोहणे, दुचाकीचा परवाना, स्वयंपाकातल्या चार गोष्टी, बँकेचे व्यवहार, स्वतःचे कपडे धुणे अशी, वसतिगृहात जाण्याआधी उपयोगी पडतील ती कामे या दिवसांत शिकवावीत. घरापासून दूर जाण्याची तयारी होत आहे हे त्यातून मुलालाही जाणवते.

पालकांनी स्वतःच्या झोपेकडे आणि आपापसांतल्या बोलण्याकडेही पाहावे. ‘तुझ्यामुळे ह्याचा अभ्यास झाला नाही’ अशी वाक्ये बंद दाराआडही ऐकू जातात. मन मोकळे करायला एखादा मित्र, बहीण किंवा याच टप्प्यातून गेलेले सहकारी शोधावेत. मुलाला आपला आधारस्तंभ करू नये.

काही खुणांकडे दुर्लक्ष करू नये. मूल अनेक दिवस झोपत नाही किंवा सारखे झोपूनच असते, जेवण तुटते, मित्रांचे फोन घेत नाही, ‘मी सगळ्यांवर ओझे आहे’, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलते, आवडत्या वस्तू वाटून टाकते, तेव्हा प्रवेशाचा विषय बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे, मरणाचे विचार मनात येतात का हे सरळ विचारावे, आणि त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. विचारल्याने असे विचार वाढत नाहीत. उलट मुलाला बोलायला जागा मिळते. केंद्र शासनाची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आजच साठवून ठेवावा.

सातवी पायरी: दुसरी वाट आधीच पाहून ठेवा

शेवटच्या राउंडनंतर शोधाशोध करण्यापेक्षा पहिल्या राउंडच्या आधी शांतपणे दुसरी वाट ठरवावी. जवळच्या कॉलेजात बीएस्सीचा अर्ज भरून ठेवता येतो. बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि पदविका पूर्ण केल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाची दारे उघडतात. कॅपनंतर रिक्त राहिलेल्या जागांसाठी संस्थास्तरावर प्रवेश होतात. पुन्हा परीक्षा देण्याचा विचार असेल तर तो मुलाच्या तोंडून आला पाहिजे, आणि तोही निकालाच्या आठवड्यात नव्हे, सगळे राउंड पार पडल्यावर.

आठवी पायरी: अलॉटमेंटचा दिवस

लॉगिन मुलाने उघडावे. पालकांनी त्याच्या खुर्चीमागे उभे राहू नये. शेजारच्या खोलीत थांबावे आणि त्याने बोलावल्यावर जावे. चेहऱ्यावरचा पहिला भाव त्याला एकट्याला अनुभवू द्यावा. जे मिळाले आहे त्यावर पहिले वाक्य पालकांचे नसावे.

जागा आपोआप फ्रीझ झाली नसेल, तर त्यानंतर निर्णय एकच असतो: फ्रीझ की बेटरमेंट. बेटरमेंट घेतल्यावर पुढच्या राउंडमध्ये वरचा पर्याय मिळाला तर आधीची जागा आपोआप रद्द होते आणि न मिळाल्यास आधीची कायम राहते. म्हणून बेटरमेंट घेण्याआधी वरचे सगळे पर्याय आजही हवेच आहेत का, हे पुन्हा एकदा वाचून पाहावे. जागा मुदतीत स्वीकारली नाही तर ती हातची जाते, त्यामुळे ‘उद्या विचार करू’ असे म्हणताना उद्याची तारीख कॅलेंडरवर काय सांगते ते पाहावे. पुढे विचार बदललाच, तर अंतिम मुदतीच्या आत प्रवेश रद्द केल्यास एक हजार रुपये वजा करून फी परत मिळते.

कॉलेजात हजर होताना मूळ कागद, छायाप्रती, जागा स्वीकारल्याची पावती आणि अलॉटमेंटचे पत्र बरोबर न्यावे, आणि मूळ कागद जमा करताना त्यांची पोच घ्यावी. घरी आल्यावर ती फाईल माळ्यावर टाकू नये. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला दरवर्षी यातलेच कागद लागतात, म्हणून एक संच मुलाबरोबर वसतिगृहात द्यावा आणि दुसरा घरी, हाताशी येईल अशा कपाटात ठेवावा.